बयनाबाईचा डावा पाय

हैदराबादच्या एका संस्थेनं हत्तीपायाच्या रोग्यांसाठी मोबाइलचं ॲप काढलं आणि त्याचं नाव 'पाद मित्र' ठेवलं. तेलुगूत पादम् म्हणजे पाऊल. देवाच्या पावलालाही तोच शब्द, त्यामुळे नाव ठरलं त्या बैठकीत कुणाला काही वावगं वाटलं नसणार. पण आदिलाबाद जिल्ह्याच्या बेला मंडलात, जिथं पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र लागतो आणि न ओलांडताही लोक मराठीच बोलतात, तिथं हे नाव पोचलं तेव्हा पिंपळदरीच्या ग्रामपंचायतीसमोर बसलेल्या बायांनी तोंडाला पदर लावले. गावची आशा कार्यकर्ती अश्विनी हिनं नाव एकदा वाचलं, थांबली, आणि त्यानंतर नुसतं 'ॲप' म्हणून पुढं गेली. सगळ्यांत जास्त हसली ती बयनाबाई. "असा मित्र असला तं घर हवेशीर पायजे वो," ती म्हणाली, आणि गोधडीखाली झाकलेला तिचा डावा पाय हसण्यानं हलला.

गोधडी थंडीसाठी नव्हती. बयनाबाईचा डावा पाय गुडघ्याखाली घागरीएवढा होता, आणि लेकीच्या लग्नाच्याही आधीपासून होता. ती चारचौघांत बसली की तो गोधडीखाली बसायचा, एखाद्या वेड्या दिराला आतल्या खोलीत ठेवावं तसा. चालताना पाऊल उचललं जायचं नाही, ओढलं जायचं. आधी उजव्या पायाचा हलका आवाज, मग डाव्याचा लांब घासत जाणारा. बयनाबाई कुठल्या खोलीत आहे हे घरात कुणाला विचारावं लागत नसे. तिचा नवरा चंपतराव अंगणात बैलाला वैरण टाकता टाकता सांगायचा, "चुलीकडून निघाली. आता येते पाहा."

पिंपळदरीत नोंदलेली रोगी एकटी बयनाबाईच होती. ॲपचं काम असं होतं. रोज दिवेलागणीला अश्विनीच्या फोनवर घंटी वाजायची. मग रोग्यानं कोमट पाण्यानं आणि साबणानं पाय धुवायचा, पुसून कोरडा करायचा, मलम लावायचं आणि पाय उशीवर उंच ठेवून पडायचं. आठवड्यातून एकदा अश्विनीनं जाऊन पायाचा फोटो काढायचा. फोन पायाभोवती आपोआप एक रेघ आखायचा, मागच्या फोटोशी ताडून बघायचा, आणि सूज उतरली असेल तर रेघ हिरवी, वाढली असेल तर लाल करायचा. खाली चार ओळींचा सल्ला यायचा, तेलुगूत. मराठी पुढच्या आवृत्तीत येणार होती. पुढची आवृत्ती येऊन गेली होती. मराठी तिच्या पुढच्या आवृत्तीत येणार होती. अश्विनीचं माहेर जैनथचं, कॉलेज आदिलाबादचं, त्यामुळे तिला तेलुगू वाचता यायचं. पिंपळदरीत बाकीच्यांना फोन काय म्हणतो हे अश्विनी काय म्हणते त्यावरून कळायचं.

अडचण एवढीच होती की बयनाबाईचा हात पायापर्यंत पोचत नव्हता. लेक वनमाला दिलेली पैनगंगेपलीकडं. मग राहिला चंपतराव. साठी ओलांडलेला, मिशा राखलेला शेतकरी रोज संध्याकाळी बायकोपुढं उकिडवा बसून तिचा पाय धुतो, ही बातमी गावात कापसाच्या भावापेक्षा जास्त चर्चिली गेली. अमृतराव पटेल त्यांच्या ओट्यावरून विचारायचे, "काय चंपत, आज पूजा आटोपली? परसाद नाई आनला?" पटेलकी, म्हणजे तिकडची पाटीलकी, सरकारनं मोडून चाळीस वर्षं होत आली होती, पण ही गोष्ट अमृतरावांच्या कानावर कुणी घातली नव्हती. पहिले काही दिवस चंपतराव दार लावून पाय धुवायचा. मग त्यानं दार लावणं सोडलं. त्याला तो पाय धुता येऊ लागला होता, आणि जे नीट करता येतं त्याची माणसाला लाज वाटेनाशी होते.

फोनवर त्याचा विश्वास बसला त्याचीही एक गोष्ट आहे. एकदा गंमत म्हणून त्यानं बयनाबाईच्या ऐवजी स्वतःचा पाय पुढं केला. फोननं थोडा विचार केला आणि तेलुगूत कळवलं की हा पाय नोंदलेल्या रोग्याचा नाही. बयनाबाईला हसून ठसका लागला. चंपतराव मात्र गंभीर झाला. "बाप्पा," तो म्हणाला, "याले माह्या बायकोचा पाय ओयखू येते." त्या दिवसापासून तो फोनसमोर विडी ओढत नसे.

सूज उतरत होती. फार नाही, पण रेघ हिरवी यायची, आणि घोट्याचं हाड पुन्हा हाताला लागतं असं चंपतराव लोकांना सांगायचा, जणू विहिरीला पाणी लागलं होतं.

मग दिवाळीनंतर, कापसाची पहिली वेचणी चालू असताना, बयनाबाई जेवून दुपारी खाटेवर आडवी झाली ती उठली नाही. पायाचा काही संबंध नव्हता. छातीचं काहीतरी असेल, असं अश्विनीनं सांगितलं. चंपतरावानं ते ऐकून घेतलं, पण त्याला ते पटल्यासारखं दिसलं नाही. ज्या पायावर इतकी वर्षं नजर ठेवली तो सोडून मरण दुसऱ्याच वाटेनं आलं, हे त्याला बेइमानीचं वाटत असावं. तिरडीवर घेताना चौघांनी तिला उचललं, आणि डावा पाय पाचव्यानं.

अश्विनीची कामाची पंचाईत दुसऱ्याच दिवशी सुरू झाली. दिवेलागणीला घंटी वाजली. ती तेव्हा गावातल्या दौलतच्या घरी त्याच्या गरोदर सुनेचं वजन करत होती. घंटी सगळ्या घराच्या ओळखीची होती. सून वजनकाट्यावरून उतरली आणि कुणीतरी देवाजवळचा दिवा पुढं सरकवला. अश्विनीनं घंटी बंद करायचा प्रयत्न केला, पण सक्रिय रोग्याची घंटी आशा कार्यकर्तीला बंद करता येत नाही. कामचुकारांना आळा बसावा म्हणून तशी सोय केली होती. रोज वाजायची. रस्त्यात, नळावर, किराणाच्या दुकानात. बाया म्हणायच्या, बयनाबाईची येळ झाली, आणि हातातलं काम क्षणभर थांबायचं.

तिनं जिल्हा समन्वयक राघवेंद्रला फोन लावला. राघवेंद्र आदिलाबादला बसायचा, चांगला मुलगा होता, आणि त्याच्या भिंतीवरच्या पडद्यावर सगळा जिल्हा हिरव्या-लाल ठिपक्यांचा दिसायचा. त्यानं आधी वाईट वाटल्याचं सांगितलं, ते खरंच वाटून. मग सांगितलं की रोगी बंद करायला ॲपमध्ये चार कारणं आहेत: बरा झाला, उपचाराला नकार दिला, गाव सोडलं, संपर्क तुटला. मृत्यू त्यात नाही. हत्तीपायानं कुणी मरत नाही, हे वैद्यकीयदृष्ट्या खरंच आहे, त्यामुळे बनवणाऱ्यांना ते कारण सुचलं नव्हतं. 'गाव सोडलं' दाबून टाका, तो हिंदीत म्हणाला, नाहीतर फोटो थकल्यामुळे पिंपळदरीचा ठिपका लाल राहील. अश्विनीनं त्या शब्दांवर बोट नेलं. गाव सोडलं, यात खोटं काही नव्हतं. पण बोट टेकलं नाही. पुढं एक प्रश्न विचारला जातो हे तिला माहीत होतं: रोगी कुठं गेला?

त्या भागात दहाव्याच्या आदल्या दिवशी पीठ मांडतात. माणसानं जिथं शेवटचा श्वास घेतला तिथं जमिनीवर ज्वारीचं पीठ चाळणीनं पसरायचं, शेजारी दिवा ठेवायचा, वर बांबूचं मोठं डालं पालथं घालायचं आणि खोलीचं दार ओढून घ्यायचं. सकाळी डालं उचलायचं. पिठात जसं पाऊल उमटलं असेल तसा पुढचा जन्म. पाखराचं, गाईचं, माणसाचं. हे वाचण्याचा मान अमृतरावांचा, आणि त्यांच्या हयातीत पिंपळदरीचे सगळे मृत पाखरू होऊन गेले होते. अपवाद एका जुन्या पटवाऱ्याचा. त्याच्या पिठात अमृतरावांना मुंगूस दिसलं होतं, पण दोघांत बांधाचा वाद होता.

वनमाला दिवस करायला माहेरी आली होती. पीठ तिनंच चाळलं. अश्विनी शेजारी दिव्याची वात वळत बसली होती. तिचा या गोष्टींवर विश्वास नव्हता, तिनं बी. ए.ला समाजशास्त्र घेतलं होतं आणि यावर पाच गुणांचा प्रश्नही सोडवला होता. चंपतराव दारात उभा होता. त्यानं पिठाकडं बघत सांगितलं की त्याला पाखरू नको, गाय नको. जन्म कोणता का मिळेना.

"मले एकच पाहाचं हाय," तो म्हणाला. "तिचा पाय सुटला का नाई. तितकं समजलं तं मी निवांत झालो."

वनमालेनं डालं ठेवलं. दार ओढताना ते जमिनीला लांब घासलं. तिघंही तिथंच थांबली, आणि मग दार गेल्या पावसाळ्यापासून असंच घासतं असं वनमाला म्हणाली, जरा घाईनं.

सकाळी डालं उचललं तेव्हा खोलीत सातआठ माणसं होती. दिवा विझला होता. पिठात खूण होती.

अश्विनी समाजशास्त्र धरून उभी होती. उंदीर, वारा, डाल्याची कड, रात्रीच्या थंडीनं बसलेलं पीठ. कारणं तिनं मनात ओळीनं मांडली. खूण तिच्या पुढ्यात पसरली होती. लांब, रुंद, तळव्याला खळगा नसलेली, आणि पुढं पाच बारीक खळ्या एकमेकींना चिकटून. टाचेच्या मागं पीठ मागंपर्यंत सरकलं होतं, काहीतरी ओढत नेल्यासारखं.

अमृतरावांनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. त्यांचं पाखरू काही बाहेर येईना. शेवटी मागून दौलत म्हणाला, "हत्ती दिसते." तो कुचेष्टा करत नव्हता, त्याला खरंच तसं दिसलं होतं. पण वनमालेनं वळून त्याच्याकडं असं पाहिलं की दौलत आपली गुरं सुटली असतील असं सांगून निघून गेला.

चंपतराव वाकून बघत होता. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा राहिलेला. त्याला पांढऱ्यावर पांढरं काय दिसणार. तो सरळ झाला आणि अश्विनीला म्हणाला, "फोन लाव."

कुणाला लावायचा, तिनं विचारलं.

"कोनाले नाई. ह्याले लाव." त्यानं पिठाकडं बोट केलं. "त्याले विचार."

अमृतराव म्हणाले की हे शास्त्रात बसत नाही. पिठाला यंत्र दाखवलेलं त्यांच्या ऐकण्यात नाही.

"पटेल," चंपतराव शांतपणे म्हणाला, "तुमाले आजवर सगयी पाखरंच दिसली. बरं केलं, लोकाचं समाधान झालं. पर पाय फोनलेच कयते."

अश्विनीनं नाही म्हणायला हवं होतं. फोन माणसाचा पाय बघतो, पीठ बघत नाही, हे सांगायला हवं होतं. पण तिला वाटलं, फोन नाही म्हणेल. तेच बरं. माणसानं नाही म्हटलं की मनाला लागतं, यंत्रानं म्हटलं की कुणाला काही वाटत नाही. तिनं ॲप उघडलं. यादीत बयनाबाईचं एकटीचं नाव होतं, थकबाकीमुळं लुकलुकत. मापासाठी मिळालेलं काळं-पांढरं कार्ड तिनं नेहमीसारखं खुणेशेजारी ठेवलं, हात स्थिर केला आणि फोटो काढला.

पडद्यावर गोल फिरत राहिला. मग फोननं पिठातल्या खुणेभोवती रेघ आखायला घेतली. टाचेपासून सुरू केली, बाहेरच्या बाजूनं वर नेली, पाची बोटं एकेक करून मोजल्यासारखी वळवून घेतली, आणि रेघ टाचेशी आणून मिटवली. रेघ लाल झाली.

खाली अक्षरं आली. बयनाबाई. डावा पाय. ओळख पटली. वापु पेरिगिंदी, सूज वाढली. आणि त्याखाली नेहमीचा सल्ला: रोग्याला जास्त वेळ उभं राहू देऊ नका.

अश्विनीनं फोन छातीशी धरला. एक मूर्ख विचार तिच्या मनात आला की खोलीत आता किती माणसं आहेत ते मोजावं. तिनं मोजलं नाही.

"काय म्हणते?" चंपतरावानं विचारलं.

"उतरली, काकाजी," ती म्हणाली. "सूज उतरली. सगळी."

खोलीनं श्वास सोडला. वनमालेनं पदरात तोंड घालून रडून घेतलं. अमृतरावांनी चष्मा घडी करून खिशात ठेवला आणि मान डोलावली. "म्हनजे पाखरूच," ते म्हणाले. "मी म्हननारच होतो."

चंपतराव खोलीतून बाहेर गेला आणि गोठ्यात जाऊन बसला.

नदीवर जायची तयारी सुरू झाली. न्हावी आला, पिंडाचा भात शिजला, खोलीतलं पीठ गोळा करून नदीत सोडायचं म्हणून वनमालेनं आईच्या लुगड्याचा एक तुकडा काढून ठेवला. चंपतराव उठेना. जावई बोलवायला गेला तर त्यानं सांगितलं, अश्विनीला पाठव.

ती गेली तेव्हा तो बैलाच्या पाठीवरचं वाळलेलं शेण नखानं खरवडत होता. वर न बघता त्यानं सांगितलं की पीठ नदीत न्यायचं नाही. उकिरड्यावर टाका. कोण्या मांजरीचा पाय असेल, त्यासाठी पैनगंगेला कशाला त्रास.

"काऊन, काकाजी? काकूचाच पाय हाय म्हणते ना फोन."

"सूज नाई म्हनते ना?"

"नाई."

"मंग तिचा नव्हे." त्यानं नख बैलाच्या पाठीवरून काढलं. "सूज नसलेल्या पायाची बाई माह्या घरात फिरलीच नाई कदी. असन तवा, लगन झालं तवाची. ते मले आता आठवतबी नाई. मले ठाऊक हाय ते त्या पायाची. अंधारात दहा बाया चालल्या तं मी तिले निवडून काढीन." त्यानं नखातलं शेण झटकलं. "रातभर मी इथी बसून कान देऊन होतो, पोरी. मले वाटलं, आली. दार घासल्यावानी झालं. आता फोन म्हनते बारीक पाय. मंग ते कोन होती? अन् माही कोठी गेली?"

अश्विनीनं त्याला हवं ते दिलं होतं, पाय सुटला म्हणून सांगितलं होतं, आणि ते देताना त्याची बायको काढून घेतली होती. हे प्रशिक्षणात सांगितलेलं नव्हतं. प्रशिक्षणात रोग्याच्या नातेवाइकांना धीर द्या एवढंच होतं.

ती त्याच्याजवळ खाली बसली. फोन उघडला. मागच्या फोटोतला पाय आणि आजचं पीठ, दोन्ही शेजारी शेजारी आणले, मोठे केले, आणि फोन त्याच्या बऱ्या डोळ्यासमोर धरला. अक्षर त्याला येत नव्हतं. रंग येत होता.

त्यानं फोन हातात घेतला. बराच वेळ तो या रेघेवरून त्या रेघेवर अंगठा फिरवत राहिला, न टेकवता. घोट्याजवळ, जिथं हाड लागू लागलं होतं, तिथं अंगठा थांबला.

"लाल हाय."

"हो."

"म्हनजे वाढली?"

"हो, काकाजी."

"तूनं खोटं काऊन सांगतलं?"

"तुम्हीच म्हटलं ना, पाय सुटला तर निवांत होईन."

चंपतरावानं मान हलवली, ती होकाराची की नकाराची कळलं नाही. बैलानं शेपटी मारली. अंगणातून वनमाला कुणाला तरी दर्भ कुठं ठेवला विचारत होती.

"चालली असन लय," तो शेवटी म्हणाला. "स्मशानातून घरापावेतर. सारा रस्ता मुरमाचा. कोनी संग नाई." मग अगदी हळू, जणू पाहुण्यांच्या देखत घरच्या माणसाला रागवावं तसं, म्हणाला, "सांगतलं होतं चालू नको म्हनून."

तो उठला, खोलीत गेला आणि पीठ स्वतःच्या हातानं गोळा केलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. नदीवर सगळे विधी त्यानं मुकाट्यानं केले. पीठ पाण्यात सोडलं तेव्हा ते लगेच विरलं नाही. थोडा वेळ एक पांढरा पट्टा प्रवाहातून महाराष्ट्राच्या बाजूला सरकत राहिला. अमृतरावांनी त्याचाही अर्थ सांगितला. कुणी ऐकला नाही.

अश्विनी दुपारी घरी आली आणि दार लावून तिनं स्वतःच्या स्वयंपाकघरात ज्वारीचं पीठ चाळलं. त्यात टाच दाबली, फोटो काढला. फोन म्हणाला, पाय सापडला नाही. तिनं पूर्ण पाऊल उमटवलं. पाय सापडला नाही. तिनं हातानं रुंद करून, बोटं कोरून, टाचेमागं ओढून, सकाळच्या खुणेची हुबेहूब नक्कल केली. फोननं या वेळी विचारही केला नाही. नवरा शेतातून आला, दारातून पिठाकडं आणि पिठात बसलेल्या बायकोकडं पाहिलं, आणि भाकरी होणार आहे की नाही एवढंच विचारलं. होणार आहे, ती म्हणाली. त्या पिठाची भाकरी मात्र तिनं केली नाही. गाईला घातलं. गाईनं हुंगलं आणि तोंड फिरवलं, पण ती गाय तशीही आढ्यतेखोर होती.

राघवेंद्रचा संदेश आला. त्यानं अभिनंदन केलं होतं. थकलेला फोटो आल्यामुळं पिंपळदरी लाल यादीतून बाहेर आली होती. चुकून जुना फोटो गेला असेल तरी हरकत नाही, असंही त्यानं लिहिलं होतं. मात्र रोग्याची सूज एकाएकी वाढलेली दिसत असल्यानं ॲपनं तिला जोखमीच्या गटात टाकलं होतं, त्याला त्याचा इलाज नव्हता. आता आठवड्यातून एकदा चालणार नाही, रोज भेट द्यावी लागेल, स्वतः जाऊन, रोग्याच्या घरात फोन उघडून. तिनं लिहिलं, रोगी मेली आहे, तुम्हाला सांगितलं होतं. त्यानं लगेच उत्तर पाठवलं की हो, ते त्याच्या लक्षात आहे, आणि पुढच्या आवृत्तीत ते कारण घालायची सूचना त्यानं वर कळवली आहे.

दिवेलागणीला घंटी वाजली तेव्हा ती चुलीपाशी होती. तिनं पदर झटकला आणि निघाली. कामाचा भाग म्हणून, असं तिनं नवऱ्याला सांगितलं. रस्ता ओळखीचा होता, तरी ती भिंतीच्या कडेनं चालली, मधली वाट कुणासाठी तरी मोकळी सोडून.

चंपतरावाच्या घरी दहाव्याचे लोक गेले होते. वनमाला मागं भांडी घासत होती. तिनं अश्विनीला पाहून हातानं खोलीकडं खूण केली आणि पुन्हा मान खाली घातली. दार उघडं होतं.

खाटेसमोर घमेलं होतं. पाण्याला वाफ होती, फार नाही. चंपतराव उकिडवा बसला होता, बाह्या वर करून, आणि त्याचे दोन्ही हात पाण्यात होते. ते हात पाण्यात नुसते फिरत नव्हते. ते कशाच्या तरी भोवती फिरत होते. वरून खाली यायचे, एका जागी रुंद व्हायचे, खाली आल्यावर आत वळायचे, आणि तिथं अंगठा हळू, जपून, एका खळग्यातून दुसऱ्या खळग्यात जायचा. त्या कामात कुठं चूक नव्हती. वर्षभर त्यानं ते असंच केलं होतं. चेहरा वर, खाटेवर कुणी बसलं असतं तर जिथं तोंड आलं असतं तिथं, आणि तो बारीक आवाजात काहीतरी सांगत होता. दहाव्याला कोण आलं, कोण आलं नाही. पटेल काय म्हणाले.

अश्विनी उंबऱ्यावर उभी राहिली. तिनं त्याला थांबवायला हवं होतं. काकाजी, उठा, पाणी फेका, चार घास खाऊन घ्या, असं म्हणायला हवं होतं. जिल्ह्याच्या मानसिक आरोग्याच्या डॉक्टरचा नंबरही तिच्याकडं होता. ती तोंड उघडणार तेवढ्यात त्यानं पाण्यातून हात काढले, मांडीवरचा पंचा घेतला आणि पुसू लागला. पुसताना त्यानं थोडं वरवर पुसलं. थकला असेल.

"घोट्यामागं ओलं राहिलं, काकाजी," तिच्या तोंडून निघालं.

त्यानं मागं वळून पाहिलं नाही. "हो का," म्हणाला, आणि पुन्हा पुसलं, नीट.

मग मलम. मग त्यानं दोन्ही हात खाली घातले, कमरेतून जोर घेतला, आणि काहीतरी जड उचलावं तसं, ओठ घट्ट मिटून, हळूहळू वर आणलं. उशी खाटेच्या पायथ्याशी होती. अश्विनीनं नजर फोनकडं वळवली. भेट दिली का, अशी एक चौकट तिथं होती, आणि तिच्यापुढं रोग्याची स्थिती विचारणारी दुसरी. खाट करकरली. उशीतला जुना कापूस दबल्याचा आवाज आला, लांबट, एखाद्यानं बसून निश्वास टाकावा तसा.

तिनं पहिल्या चौकटीत खूण केली. मग मान वर न करताच म्हणाली, "अजून एक उशी लावा. उंच पायजे."

"वनमाला," चंपतरावानं मागच्या दाराकडं हाक दिली, "तुह्या मायले अजून एक उशी आन वो."

भांड्यांचा आवाज थांबला. थोड्या वेळानं वनमाला ओले हात पुसत आली, कपाटातून उशी काढली, आणि खाटेपाशी येऊन, पायथ्याकडून न जाता, वळसा घालून पलीकडून दिली.